पूल, पोथी आणि क्षमा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजवर या व्यासपीठावरून विद्वानांनी आपणास मार्गदर्शन केले. मी विद्वान नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन कापडाच्या गादीवर बसलो तो आजतागायत तेथेच आहे. तरीही विश्वस्तांनी 'सांस्कृतिक वारसा' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती मी शिरोधार्य मानतो. एक सवलत मात्र मागून घेतली आहे. आपल्या मंदिरांच्या वैभवाचे वर्णन या स्मरणिकेत इतरत्र आलेच आहे. म्हणून मी एक वेगळा प्रश्न आपल्यापुढे ठेवू इच्छितो. माणसे एकमेकांशी लढतात, रक्त सांडते, घरे जळतात आणि पुढे केव्हातरी युद्ध थांबते. त्यानंतर त्याच गावात, त्याच गल्लीत त्यांना पुन्हा एकत्र राहावे लागते. अशा वेळी पूर्वजांनी मागे ठेवलेला वारसा त्यांच्या काही उपयोगी पडतो काय?

याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम आपण युरोपातील बोस्निया-हर्जेगोविना या देशातील मोस्तार नावाच्या गावी जाऊ या. नेरेत्वा नदीच्या दोन्ही तीरांवर हे गाव वसले आहे. गावाचे नावच मुळी पुलाच्या रखवालदारांवरून पडले. तेथील जुना दगडी पूल तुर्की साम्राज्याच्या काळात, सुलतान सुलेमान याच्या आज्ञेने उभारण्यास घेतला गेला आणि १५६६ साली पूर्ण झाला. मिमार हैरुद्दीन हा त्याचा शिल्पकार. एकच कमान, लांबी सुमारे २९ मीटर, रुंदी जेमतेम ४ मीटर आणि उन्हाळ्यात पाण्यापासूनची उंची सुमारे २० मीटर. या पुलावरून मुसलमान बोस्नियाक, कॅथॉलिक क्रोएट आणि ऑर्थोडॉक्स सर्ब अशा साऱ्यांची ये-जा चाले. गावातील तरुण त्यावरून नदीत सूर मारीत आणि नवरा-नवरी त्याच्यावर उभे राहून छायाचित्र काढून घेत. पूल कोणा एकाचा नव्हता, म्हणूनच तो सर्वांचा होता.

१९९२ साली बोस्नियात युद्ध पेटले. प्रारंभी मोस्तारचे क्रोएट आणि बोस्नियाक खांद्याला खांदा लावून लढले. पुढच्याच वर्षी ते एकमेकांवर उलटले आणि गाव दुभंगले. दि. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट सैन्याच्या तोफांच्या माऱ्याने ४२७ वर्षे उभा असलेला तो पूल नदीत कोसळला. त्या युद्धात असंख्य माणसे मेली होती. तरीही पुलासाठी माणसे रडली. एखाद्याला वाटेल, माणसांपुढे दगडांची काय मातब्बरी? परंतु थोडा विचार केल्यास उमगते की माणूस आपल्या आयुष्याच्या मर्यादेत जगतो आणि पूल, मंदिर, ग्रंथ हे पिढ्यांच्या मर्यादेत जगतात. ते कोसळले की आपल्या मागचे आणि पुढचे दोन्ही एकाच वेळी कोसळल्यासारखे वाटते.

१९९५ साली झालेल्या डेटन शांतता कराराने हे युद्ध थांबले. या करारात सैन्य, सीमा आणि निवडणुका यांबरोबर एक स्वतंत्र परिशिष्ट राष्ट्रीय स्मारकांच्या जतनासाठी जोडले गेले. लढणाऱ्या पक्षांच्या तहनाम्यात पडलेल्या वास्तूंची नोंद व्हावी, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरे पुन्हा बांधली पाहिजेत, तशी आठवणींची घरेही बांधली पाहिजेत, हे करार लिहिणाऱ्यांना कळले होते.

पुढे युनेस्को, जागतिक बँक, आगा खान सांस्कृतिक न्यास, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड आणि अनेक देश मदतीस आले. त्यात तुर्कस्तान व इटली होते आणि क्रोएशियाही होता. हंगेरीच्या सैन्यातील पाणबुड्यांनी नदीच्या तळातून जुने दगड वर काढले. त्यांतील बहुतेक पुन्हा वापरण्याजोगे राहिले नव्हते. तेव्हा त्याच परिसरातील 'तेनेलिया' नावाचा फिकट दगड काढण्यात आला, तो हाताने घडविण्यात आला आणि जुन्या पद्धतीप्रमाणे लोखंडी आकड्यांनी सांधून त्या सांध्यांत वितळलेले शिसे ओतण्यात आले. दि. २३ जुलै २००४ रोजी पूल पुन्हा खुला झाला आणि २००५ साली युनेस्कोने त्या परिसराचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. आज मोस्तारमध्ये गेलेल्या प्रवाशाला पुलाजवळ '१९९३ विसरू नका' अशा अर्थाचा लेख रंगविलेला दगड दिसतो. पूल जोडतो आणि दगड आठवण देतो. दोन्ही एकत्र असणे मला योग्य वाटते.

बंधु-भगिनींनो, येथेच भाषण संपविले असते तर आपण टाळ्या वाजविल्या असत्या. परंतु व्यापाऱ्याला जमेबरोबर नावेची बाजूही मांडावी लागते. पूल झाला, पण गाव पूर्णपणे जोडले गेले नाही. मतभेदांमुळे २००८ नंतर तेथे नगरपालिकेची निवडणूकच होऊ शकली नाही. ती झाली डिसेंबर २०२० मध्ये, म्हणजे तब्बल १२ वर्षांनी. त्या देशाच्या काही भागांत 'एका छपराखाली दोन शाळा' असा प्रकार रूढ झाला. इमारत एकच, परंतु एका समाजाची मुले एका अभ्यासक्रमाने शिकतात आणि दुसऱ्या समाजाची दुसऱ्या. न्यायालयातही या पुलाचा निकाल सरळ लागला नाही. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २०१३ साली पूल पाडणे हा गुन्हा ठरविला. २०१७ साली अपिलात, त्या वेळी पूल हे लष्करी लक्ष्य होते असे म्हणून, बहुमताने तो भाग रद्द झाला.

त्याच देशातील बान्या लुका शहराची कथा याहून कठीण आहे. तेथील १५७९ सालची फरहादिया मशीद १९९३ साली सुरुंग लावून उडविण्यात आली. दि. ७ मे २००१ रोजी तिच्या पुनर्बांधणीचा पायाभरणी समारंभ ठरला, तेव्हा जमावाने हल्ला केला आणि त्यात एका वृद्धाचा बळी गेला. ती मशीद पुन्हा खुली होण्यास ७ मे २०१६ हा दिवस उजाडावा लागला. पायाभरणीपासून पंधरा वर्षे गेली. मने तयार नसताना घातलेला पायाही जखम उघडी करू शकतो, हे यावरून दिसते.

मग वारशाचा उपयोग काय? मला वाटते, वारसा आपोआप शांतता आणीत नाही. तो शांततेला बसायला जागा देतो. तेथे येऊन बसायचे की नाही, हे माणसांनी ठरवायचे असते.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतील माली देशाच्या टिंबक्टू नगरीचे आहे. २०१२ साली त्या नगरीवर सशस्त्र गटांनी ताबा मिळविला आणि तेथील संतांची समाधिस्थळे कुदळींनी पाडली. पाडणारेही मुसलमान होते आणि ज्यांची श्रद्धास्थाने पाडली तेही मुसलमानच होते. धर्म एक असला म्हणजे वैर होत नाही, असे नाही. ही गोष्ट आपणही लक्षात ठेवावी. पुढे नगरी मुक्त झाली आणि तेथील परंपरागत गवंड्यांनी मातीच्या बांधकामाची आपली पिढीजात विद्या वापरून १४ समाधिस्थळे पुन्हा उभारली. जुन्या भिंतींचे अवशेष, जुनी छायाचित्रे आणि वृद्धांची स्मृती हाच त्यांचा नकाशा होता. २०१५ साली हे काम पूर्ण झाले.

पुढची घटना आपल्या धर्माच्या दृष्टीने विशेष मननीय आहे. हा विध्वंस करविणाऱ्यांपैकी अहमद अल् फकी अल् महदी नावाचा गृहस्थ, जो त्याच प्रदेशातील होता, त्याच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला. सांस्कृतिक वास्तूंचा विध्वंस हाच मुख्य आरोप असलेला त्या न्यायालयातील तो पहिला खटला होता. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याने आपला अपराध कबूल केला आणि टिंबक्टूच्या लोकांची क्षमा मागितली. न्यायालयाने त्याला ९ वर्षांची शिक्षा दिली आणि २०१७ साली २७ लाख युरोंची भरपाई निश्चित केली. या भरपाईत समाधिस्थळांच्या इमारतींबरोबर त्या संतांच्या वंशजांना झालेल्या मनःस्तापाचाही विचार होता. पुढे शिक्षेत सूट मिळून २०२२ साली तो सुटला.

आपल्या प्रतिक्रमणाशी हे ताडून पाहावे. आपल्याकडे प्रथम आलोचना असते, म्हणजे घडलेला दोष उघडपणे सांगणे. मग प्रायश्चित्त येते. मग क्षमायाचना आणि ज्याच्याकडे मागितली त्याचे क्षमादान. या पायऱ्यांतील एकही गाळून पुढची गाठता येत नाही. टिंबक्टूच्या सर्व लोकांनी त्या माणसाला क्षमा केली, असे मी म्हणणार नाही. क्षमा मागणे अपराध्याच्या हाती असते, देणे ज्याला दुखावले त्याच्या हाती असते आणि ती देण्याची सक्ती कोणी कोणावर करू नये. परंतु अपराध मान्य झाला, भरपाई झाली आणि पडलेले गावच्याच हातांनी उभे राहिले, एवढी वाट तरी तेथे तयार झाली.

तिसरे उदाहरण इराकमधील मोसुल शहराचे. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे नाव परके वाटू नये. आपण ज्याला मलमल म्हणतो त्याला युरोपात 'मस्लिन' हे नाव पडले ते या मोसुलवरूनच. एके काळी ज्या शहराचे नाव मऊ सुताशी जोडलेले होते, ते २०१४ ते २०१७ या काळात भयाचे शहर झाले. तेथील अल् नूरी मशिदीचा, शतकानुशतके एका बाजूला कललेला मनोरा २१ जून २०१७ रोजी स्फोटाने पाडण्यात आला. नंतर युनेस्कोने संयुक्त अरब अमिरातीच्या साहाय्याने तो पुन्हा उभारला, ढिगाऱ्यातून वेचलेल्या जुन्या विटा त्यात बसविल्या आणि २०२५ साली काम पुरे केले. विशेष म्हणजे याच उपक्रमात अल् तहिरा आणि अल् सा'आ या दोन ख्रिस्ती वास्तूंचेही काम झाले. स्थानिक तरुणांना दगडकामाचे व सुतारकामाचे शिक्षण देण्यात आले. बहुसंख्यांची मशीद आणि अल्पसंख्यांचे चर्च एकाच यादीत घालणे, हा निर्णय मला वास्तूंइतकाच मोलाचा वाटतो.

आता या दूरच्या गोष्टी आपल्या अंगणात आणू या. आपण अनेकान्ताचे अनुयायी आहोत. समोरच्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असू शकतो, असे मानणारे आहोत. आपल्या पूर्वजांनी हे केवळ तोंडाने म्हटले नाही. आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतरक्षित यांचा 'तत्त्वसंग्रह' हा ग्रंथ जैन ज्ञानभांडारांत जपला गेला आणि १९२६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. या ग्रंथात जैनांच्या स्याद्वादाचे खंडन आहे. आपल्या मताचे खंडन करणारी पोथी ज्यांनी शतकानुशतके कसरीपासून आणि परचक्रांपासून राखली, त्यांचे आपण वारस आहोत. सहिष्णुतेवर दिलेल्या शंभर व्याख्यानांपेक्षा ती एक पोथी मला मोठी वाटते.

आणि आता कटू बोलतो, त्याची आधीच क्षमा मागतो. याच आपल्या महाराष्ट्रात, वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे प्राचीन तीर्थ आहे. पूजाविधी आणि व्यवस्थापन यांवरून आपल्याच दोन पंथांचा वाद ब्रिटिश अमदानीत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ पासून सुमारे ४२ वर्षे तेथे कुलूप होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये दार उघडले, तरी कलह लगेच शमला नाही. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही आणि हे ते व्यासपीठही नव्हे. मी एवढेच म्हणतो की, बोस्नियातील माणसांना उपदेश करण्यापूर्वी आपण या कुलपाकडे पाहावे. ज्या प्रभूपुढे वैर सोडायचे, त्यांच्याच दारात वैराचे कुलूप ४२ वर्षे लटकले. एवढ्या काळात एक संपूर्ण पिढी लहानाची मोठी झाली.

दुसऱ्यांना सांगताना स्वतःचे झाकून ठेवणे योग्य नव्हे, म्हणून घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या आजोबांच्या पश्चात कुटुंबाची वाटणी झाली. दुकाने वाटली गेली, घर वाटले गेले, पण घरदेरासर आणि आजोबांच्या हस्तलिखित पोथ्या माझ्या चुलत बंधूंकडे राहिल्या. मला ते मान्य नव्हते. शब्दाने शब्द वाढला आणि बोलणे बंद झाले. ते अकरा वर्षे बंद होते. दरवर्षी संवत्सरीला मी 'मिच्छामि दुक्कडम्' छापलेली चारशे पत्रे पाठवीत असे. मुंबईच्या पेढ्यांना, सुरतेच्या गिरण्यांना, ज्यांचे मी काही बिघडवले नव्हते अशा कितीतरी लोकांना. ज्याचे बिघडवले होते त्याला एकही पत्र गेले नाही.

एके दिवशी बंधूंचा निरोप आला. पोथ्यांना कसर लागू पाहत आहे, वेष्टने बदलायला हवीत, कापडातले तुम्हाला कळते, तेव्हा कोणते कापड घ्यावे? निरोप एवढाच होता. मी मांजरपाटाचा एक तागा घेऊन स्वतः गेलो. नवे कापड तसेच पोथीला गुंडाळू नये. त्याला खळ असते आणि खळीवर कीड येते. म्हणून प्रथम ते भिजवून, धुऊन खळ पूर्ण काढावी लागते. वहिनींनी पाणी तापविले, आम्ही दोघांनी कापड धुतले, उन्हात वाळविले आणि मग तुकडे करून एकेक पोथी उलगडली. आजोबांचे अक्षर दोघांनाही सारखेच ओळखीचे होते. एका पोथीच्या शेवटी त्यांनी आम्हा दोघा नातवंडांची नावे एकत्र लिहून ठेवली होती. त्या दिवशी वाटणीचा विषय निघाला नाही. पुढच्या संवत्सरीला मी पत्र पाठविले नाही, तर त्यांच्या घरी जाऊन हात जोडले. पोथ्या आजही त्यांच्याकडेच आहेत. त्या तेथेच राहाव्यात असे आता मला मनापासून वाटते.

मोस्तारचा पूल कोठे आणि माझ्या आजोबांच्या पोथ्या कोठे, याची मला जाणीव आहे. तेथे माणसे मारली गेली होती, येथे दोन भावांचा अहंकार दुखावला होता. दोन्ही एका तराजूत घालता येणार नाहीत. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते. समोरासमोर बसून 'आता आपण समेट करू' असे म्हणणे माणसाला फार अवघड जाते. हाती एखादे काम असले, जे दोघांनाही आपले वाटते आणि एकट्याने होण्यासारखे नसते, तर ते काम करता करता जीभ सैल होते. वारसा माणसांना असे काम देतो. माझ्या मते त्याचा खरा उपयोग हाच आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, आपल्या गावातील सर्व पंथांच्या मंदिरांत व घरांत असलेल्या हस्तलिखितांची एकच सामाईक सूची करावी आणि ते काम करणाऱ्या मंडळात सर्व पंथांचे तरुण असावेत. दुसरी, ही सूची करताना जैनेतर शेजाऱ्यांच्या जुन्या वस्तू, विहिरी, दर्गे आणि देवळे यांच्याही नोंदी घ्याव्यात. मोसुलप्रमाणे यादी एकच असावी. तिसरी, पाठशाळेतील मुलांना क्षमापना शिकविताना वर्षातून एकदा, ज्याच्याशी खरोखर बिनसले आहे अशा एकाच व्यक्तीकडे प्रत्यक्ष जाण्याचा पाठ द्यावा. छापील पत्रांचा खर्चही वाचेल, असे व्यापारी या नात्याने मी जोडून सांगतो.

या ट्रस्टने पन्नास वर्षांत जे उभारले त्याचा हिशेब स्मरणिकेच्या पानांवर आहे. पुढील पन्नास वर्षांच्या खात्यावर एखादे उघडलेले कुलूप जमा व्हावे, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो. बोलण्याच्या ओघात कोणाचे मन कळत-नकळत दुखावले असल्यास मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.